पीटीओ लागत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स खोलू नका

प्रश्न मुरबाड तालुक्यातून, सरळगावच्या बाजूने आला आहे. एकवीस हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर, सेकंडहँड घेतलेला. भात झोडून झाल्यावर दिवाळीनंतर शेडमध्ये लावला, तो थेट जूनमध्ये बाहेर काढला. चिखलणीसाठी रोटाव्हेटर जोडला तर पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा, लिव्हर टाकताना घर्रर्र आवाज येतो. पाच वेळा टाकला तर दोनदा लागतो. लागला तरी रोटाव्हेटर चिखलात टेकवला की थोड्या वेळाने पाती थांबतात. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल, आठ दिवस गाडी सोडा. राबातली रोपं लावणीला आली आहेत. काय करावं?

दादा, गाडी सोडायच्या आधी दोन तास काढा आणि खाली लिहिलंय ते स्वतः तपासा. कल्याण-मुरबाड रोडवर बावीस वर्षं मी हेच काम करतोय. पावसाच्या तोंडावर ‘पीटीओ लागत नाही’ म्हणून जे ट्रॅक्टर माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. दुखणं क्लचमध्ये असतं, नाहीतर लिव्हरच्या दांडीत, नाहीतर रोटाव्हेटरच्या शाफ्टमध्ये. गिअरबॉक्स खोलणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आठ दिवस म्हणजे काय, हे मला सांगायला नको. रोपं एकवीस-पंचवीस दिवसांची झाली की खाचरात जायलाच हवीत. राबातच म्हातारी झाली तर पुढे फुटवे कमी धरतात.

हात लावायच्या आधी एक गोष्ट. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. मागे जो खाचांचा दांडा दिसतो त्याची जाडी ३५ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण अकरा सेंटिमीटर. पंचाचं टोक, रेनकोटची दोरी किंवा ओढणी त्यात अडकली तर तो दांडा एका सेकंदात एक मीटर कापड गुंडाळतो. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून मागच्या बाजूला जे काही बघायचं ते इंजिन बंद करून, चावी काढून खिशात टाकून, आणि रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तर दुरुस्तीच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर घ्या. चिखलात अडकतं म्हणून कव्हर काढून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. मी ते पाहिलं की आधी कव्हर बसवायला लावतो, मग बाकीचं काम.

आता मूळ मुद्दा. तुमच्या एका प्रश्नात दोन तक्रारी आहेत. पीटीओ लागताना घरघरतो ही एक. लागल्यावर लोड आला की थांबतो ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी, तपासायची जागा वेगळी. एकत्र धरलं की मेकॅनिकही गोंधळतो आणि ‘सगळंच खोलू’ म्हणतो. पण पहिली तक्रार बरेच दिवस चालू ठेवली तर ती दुसरीला जन्म देते, ते पुढे सांगतो.

घरघर का येते ते समजून घ्या. तुमच्या पट्ट्यातल्या मिनी ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच ट्रॅक्टरांना एकच क्लच प्लेट असते. इंजिनची ताकद फ्लायव्हीलवरून क्लच प्लेटला, प्लेटकडून गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या इनपुट शाफ्टला, आणि तिथून पुढे चाकांना आणि पीटीओला वाटली जाते. तुम्ही क्लच पूर्ण दाबला की प्लेट मोकळी व्हायला हवी आणि पाच-सहा सेकंदांत इनपुट शाफ्ट थांबायला हवा. पीटीओचा लिव्हर टाकता तेव्हा आत एक दातेरी कडं सरकतं आणि दुसऱ्या दातेरी गिअरवर बसतं. दोन्ही बाजू थांबलेल्या असतील तर ‘खट्’ करून बसतं. एक बाजू अजून फिरत असेल तर दाते दात्यांवर घासतात, तोच तुमचा घर्रर्र. म्हणजे आवाज पीटीओमधून येतो खरा, पण त्याचं कारण बहुतेक वेळा क्लच पूर्ण न सुटण्यात असतं.

याची खात्री करायला हत्यार लागत नाही. रोटाव्हेटरचा शाफ्ट सोडून ठेवा. ट्रॅक्टर मोकळ्या, सपाट जागी घ्या, पुढे-मागे कोणी नको. इंजिन कमी रेसवर. क्लच तळाला टेकेपर्यंत दाबा, मनात सहापर्यंत मोजा आणि रिव्हर्स गिअर टाका. रिव्हर्सलाही तसाच घर्रर्र आला तर क्लच सुटत नाहीये. पीटीओला दोष देऊ नका, गिअरबॉक्सचा विषयही सध्या डोक्यातून काढून टाका. रिव्हर्स मऊपणे पडला आणि फक्त पीटीओच ओरडत असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ.

तुमचा ट्रॅक्टर दिवाळी ते जून उभा होता म्हणता, म्हणून मला पहिला संशय गंजाचा आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऑक्टोबरमध्ये तुम्ही गाडी लावली तेव्हा ती आतून कोरडी नव्हती. शेवटच्या कामात क्लच हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) पाणी गेलं, थोडा ओलावा राहिला, आणि सात महिने प्लेट फ्लायव्हीलला घट्ट दाबलेल्या अवस्थेत बसून राहिली. लोखंडाला गंज धरला आणि प्लेट चिकटली. कधी ती पूर्ण चिकटते, मग क्लच दाबूनही गाडी गिअरमध्ये पुढे धावते. कधी चिकटलेली प्लेट सुटते, पण प्लेटच्या मधल्या खाचा इनपुट शाफ्टवर गंजामुळे नीट सरकत नाहीत. प्लेट पूर्ण मागे येत नाही, किंचित घासत राहते. पाचांत दोनदा लागतो म्हणता, ते लक्षण मला या दुसऱ्या प्रकाराचं वाटतं.

गंजाने चिकटलेली प्लेट सोडवायची जुनी पद्धत आहे, पण ती मोकळ्या रानातच आणि जोडीला माणूस घेऊन करायची. अवजार काढून टाका. न्यूट्रलमध्ये इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम होऊ द्या, उष्णता फ्लायव्हीलपर्यंत पोचते. मग इंजिन बंद. वरचा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि स्टार्ट करा. प्लेट चिकटलेली असेल तर ट्रॅक्टर लगेच चालायला लागेल, त्याची तयारी ठेवा, समोर शंभर फूट तरी रान मोकळं हवं. क्लच दाबलेलाच ठेवून, दोन्ही ब्रेक जोडलेले असताना एकदम ब्रेक दाबा आणि थोडी रेस द्या. प्लेट सुटली की झटका जाणवतो आणि गाडी उभी राहते, इंजिन चालू राहतं. दोन-तीनदा करून नाही सुटली तर थांबा. जबरदस्तीने प्लेटचं अस्तर उखडतं. मग ट्रॅक्टर मधून, क्लच हाउसिंगपाशी दोन भागांत वेगळा करून प्लेट बघावी लागेल. ते काम मोठं आहेच, पण गिअरबॉक्स खोलण्याइतकं नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका. अस्तराला तेल लागलं की क्लच घसरायला लागतो आणि चांगली प्लेटही बदलावी लागते.

गंज नसेल तर पेडलचा प्ले बघा. खरं तर हे सगळ्यात आधी बघायचं, कारण पाच मिनिटांचं काम आहे. पेडल हाताने हळूच दाबा. सुरुवातीचा काही भाग ते अगदी मोकळं जातं, मग कडक लागतं. मोकळ्या भागाला प्ले म्हणतात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना तो वीस ते तीस मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेला असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत आहे. पट्टी पेडलाच्या बाजूला उभी धरून मोजा, अंदाजाने नको. प्ले वाढून पन्नास-साठ झाला असेल तर पेडलाची निम्मी चाल वाया जाते आणि क्लच पूर्ण सुटतच नाही. पेडलापासून हाउसिंगकडे जाणाऱ्या दांडीवर लॉकनट असतो, तो सैल करून दांडी फिरवून प्ले जमवा आणि नट परत घट्ट करा. उलट चूकही करू नका. प्ले शून्यावर आणला तर रिलीज बेअरिंग कायम फिंगरवर (क्लच सोडवणाऱ्या आतल्या पट्ट्यांवर) टेकून राहतं. बेअरिंग जातं, क्लच घसरतो, आणि मग खरोखरच लोड आल्यावर पाती थांबायला लागतात.

इथे एक फरक लक्षात ठेवा. तुमचा ट्रॅक्टर डबल क्लचचा असेल, तर पेडल अर्ध्यापर्यंत दाबल्यावर चाकांची प्लेट सुटते आणि तळापर्यंत दाबल्यावर पीटीओची. अशा गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि पीटीओ मात्र घरघरतो, कारण पेडल तळापर्यंत पोचत नाही. प्ले वाढलेला असतो, पायाखाली चिखलाची ढेपळं किंवा गोणपाट असतं, किंवा पीटीओच्या फिंगरची सेटिंग बिघडलेली असते. रिव्हर्सच्या चाचणीत ही गाडी पास होते, म्हणून लोक थेट गिअरबॉक्सकडे धावतात. आधी पेडलाखालची जागा साफ करा, प्ले जमवा. फिंगरची सेटिंग गेजशिवाय होत नाही, ती जाणत्याकडूनच करून घ्या.

आता लिव्हर. काही वर्षांपूर्वी टोकावड्याकडचा एक ट्रॅक्टर माझ्याकडे आला होता. तक्रार तुमच्यासारखीच, लागतो आणि लोडवर सुटतो. मी क्लच बघितला, ठीक. प्ले ठीक. मालकाला म्हटलं, मागचं हाउसिंग खोलू. खोलायच्या आधी धुवायला घेतला आणि माझ्या पोराने प्लॅटफॉर्मच्या खालून लिव्हरच्या फटीतून एक ढेकूळ काढलं. दोन बोटं जाडीचं, उन्हाने विटेसारखं कडक झालेलं, वर भाताच्या पेंढ्याची काडी चिकटलेली. गेल्या आवणातला चिखल वाळून तिथे बसला होता. लिव्हर वरून पाहिला तर पूर्ण पडल्यासारखा दिसायचा, पण खाली आर्म शेवटपर्यंत जात नव्हता. दातेरी कडं गिअरवर निम्मंच चढायचं. मोकळं फिरताना चालायचं, लोड आला की सरकून बाहेर. ढेकूळ काढलं, दांडीच्या सांध्यांना ग्रीस दिलं, काम झालं. मालकाकडून धुण्याचे पैसे घेतले तेवढेच. तेव्हापासून मी कोणाचाही पीटीओ बघताना आधी गाडी धुतो.

तुम्हीही तेच करा. प्लॅटफॉर्मखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा, पण क्लच हाउसिंगच्या भोकावर आणि ऑइल सीलवर थेट नको. मग इंजिन बंद ठेवून लिव्हर टाका आणि वाकून खाली बघा. लिव्हरची दांडी ज्या छोट्या आर्मला जोडली आहे, तो आर्म हाउसिंगमध्ये शिरतो. दांडी तिथून सोडवा आणि आर्म हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. प्रत्येक टोकाला ‘टक्’ असा ठसठशीत अडकाव जाणवला पाहिजे. हाताने तो अडकाव मिळतो आणि लिव्हरने मिळत नाही, तर दोष दांडीच्या लांबीत, झिजलेल्या बुशमध्ये किंवा वाकलेल्या आर्ममध्ये आहे. सगळं बाहेरचं काम. हातानेही अडकाव मिळत नसेल, आर्म साबणासारखा घसरत असेल, तर त्याला जागेवर अडकवणारी गोळी-स्प्रिंग गेली. बऱ्याच मॉडेलांत ही गोळी आणि स्प्रिंग एका बोल्टखाली बाहेरूनच मिळते. बोल्ट काढा, स्प्रिंग तुटली आहे का पाहा, गोळीवर झिजून सपाट डाग पडलाय का पाहा, दोन्ही नवी टाका.

इंजिन बंद असताना लिव्हर कधीकधी पडतच नाही. त्याला बिघाड समजू नका. दात्यासमोर नेमका दाता आलेला असतो. स्टार्टरचा हलका टिचका द्या, दाते सरकतात आणि लिव्हर पडतो. लोक इथे हातोडा घेतात आणि कडं सरकवणारा आतला फोर्क वाकवतात, तेवढं करू नका.

काही मिनी ट्रॅक्टरांना पीटीओ लिव्हरच्या जास्तीच्या जागा असतात, त्यांतली एक चाकांच्या गतीशी बांधलेली असते. लिव्हर त्या जागी पडला तर गाडी उभी असताना पीटीओ अजिबात फिरत नाही आणि रिव्हर्समध्ये उलटा फिरतो. सेकंडहँड गाडीवरचं स्टिकर उडालेलं असतं, नव्या मालकाला हे माहीत नसतं. एकदा पुस्तिकेत लिव्हरच्या जागा पाहून घ्या.

आता दुसरी तक्रार, लोडवर पाती थांबण्याची. इथे माझं मुख्य हत्यार म्हणजे खडू. पोरांच्या दप्तरातला चालेल, ओल्यात पुसतो म्हणून मी पांढरा ऑइल पेंट वापरतो. इंजिन बंद, चावी खिशात. ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यावर आणि त्याला लागलेल्या योकवर (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर) मिळून एक सरळ रेघ ओढा. शाफ्टला चकत्यांचा स्लिप क्लच (जास्त लोड आला की घसरणारा) असेल तर त्याच्या सगळ्या चकत्यांवरून आडवी एक रेघ. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्यावर आणि तिथल्या योकवर तिसरी रेघ. मग कव्हर बसवून गाडी सुरू करा, नेहमीसारखी खाचरात घाला आणि पाती थांबेपर्यंत चालवा. थांबली की लगेच पीटीओ काढा, इंजिन बंद, चावी काढा, मग खाली उतरा आणि रेघा बघा.

स्लिप क्लचवरची रेघ तुटून चकत्या एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या, तर ट्रॅक्टर निर्दोष आहे. चकत्या झिजल्यात किंवा स्प्रिंगा सैल झाल्यात. योक आणि दांड्यामधली रेघ तुटली असेल तर खाचा गुळगुळीत झाल्यात, योक बदला. शिअर बोल्टवाला शाफ्ट असेल तर तुटलेला बोल्ट उघडच दिसेल. तिथे एक विनंती, तुटलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला कडक हाय टेन्साइल बोल्ट टाकू नका. तो बोल्ट तुटण्यासाठीच बनवलेला असतो. वरकस जमिनीत पात्याखाली दगड आला आणि बोल्ट तुटला नाही तर रोटाव्हेटरचा गिअर तुटतो, नाहीतर ट्रॅक्टरचा.

सगळ्या रेघा जागच्या जागी, तरी पाती थांबली? मग ताकद एकतर ट्रॅक्टरच्या आत हरवते किंवा रोटाव्हेटरच्या आत. हे ओळखायला कोणाला तरी दहा-पंधरा फूट लांब, बाजूला उभं करा. पाती थांबली तेव्हा शाफ्ट फिरत होता का, एवढंच त्याने बघायचं. शाफ्ट फिरतोय आणि पाती थांबली, तर रोटाव्हेटरच्या बाजूची चेन किंवा गिअर गेला. शाफ्टच थांबला असेल तर तुम्ही सीटवरून तीन गोष्टी बघा. पहिली, लिव्हर आपोआप मागे आला का? आला असेल तर तो सुटतोय. दुसरी, इंजिनची रेस तशीच ओरडत राहिली आणि गाडीही रेंगाळली, वर जळक्या रबरासारखा, नाकात बसणारा वास आला, तर क्लच घसरतोय. एका क्लचच्या गाडीत चाकं आणि पीटीओ एकाच प्लेटवर चालतात, म्हणून दोन्ही एकदम मंदावतात. तिसरी, इंजिन दबून काळा धूर टाकत बसायला लागलं, तर यात पीटीओचा काही दोष नाही. खोली जास्त आहे, रेस कमी आहे, किंवा रोटाव्हेटर गाडीला मोठा पडतोय. एकवीस हॉर्सपॉवरला पाच फुटी रोटाव्हेटर ओल्या चिकणमातीत ओढायला लावू नका. पीटीओला ५४० फेरे किती रेसवर मिळतात ते पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच रेसवर काम करा. डिझेल वाचवायला रेस कमी ठेवली की तेवढ्याच कामाला प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लागतो, आणि तो क्लचवर येतो.

लिव्हर सुटत असेल तर अजून एक चाचणी. सीटवर बसून, लोड येताना लिव्हर पुढच्या जागी हलक्या हाताने धरून ठेवा. हलक्या हाताने थांबला तर गोळी-स्प्रिंग किंवा दांडीचा दोष. हाताला लाथ मारल्यासारखा झटका बसत असेल तर दात्यांच्या कडा झिजून उतरत्या झाल्या आहेत, लोड आला की त्या उतारावरून कडं बाहेर ढकललं जातं. ही मी वर म्हटलेली साखळी. क्लच नीट सुटत नाही, म्हणून घरघर, घरघरीने दाते झिजतात, झिजलेले दाते लोडवर सुटतात. तुमच्याकडे तिथपर्यंत गेलं असेल तर मागचं हाउसिंग खोलावं लागेल, ते टळणार नाही. मात्र तेव्हाही मेकॅनिकला आधी क्लच दुरुस्त करायला सांगा. नवं कडं बसवून क्लच तसाच ठेवला तर पुढच्या लावणीला पुन्हा हेच. आणि बऱ्याच मॉडेलांत पीटीओचा दांडा आणि त्याचं बेअरिंग हाउसिंग मागून वेगळं निघतं, अख्खा गिअरबॉक्स खोलायची गरज पडत नाही. ‘मागून निघतं का?’ हे आधी विचारा.

शाफ्टची लांबीही मोजा, सेकंडहँड गाडी आणि दुसऱ्याचा रोटाव्हेटर या जोडीत हा घोळ नेहमी असतो. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. रोटाव्हेटर वर-खाली करताना त्यांची सर्वांत आखूड स्थिती येते, त्या क्षणी आत किमान एक इंच मोकळं अंतर राहायला हवं. नसेल तर शाफ्ट खांबासारखा ताठ होतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्याला आत ठोकतो. बेअरिंग, सील, कधी दातेरी कड्याची जागा, सगळं हलतं. उलट, सर्वांत लांब स्थितीत नळ्या एकमेकींत एक तृतीयांश तरी राहायला हव्यात, नाहीतर बांधावर वळताना निखळतात. योकची पिन खाचेत ‘टक्’ करून बसली का तेही ओढून बघा. आणि बांधापाशी रोटाव्हेटर पूर्ण उचलून पीटीओ चालूच ठेवून वळू नका. त्या कोनात जॉइंटचे क्रॉस ठोके देतात, तो ठोका थेट आतल्या दात्यांवर जातो. उचलायच्या आधी पीटीओ काढा, वळा, पाती जमिनीपासून वीतभर वर असताना कमी रेसवर पीटीओ लावा, क्लच हळू सोडा, मग टेकवा.

ऑइलची डिपस्टिक एकदा काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. चिखलणी करणाऱ्या गाड्यांत पीटीओच्या सीलमधून ते जातं. सील बदला, ऑइल पूर्ण बदला. नुसतं वरून टाकू नका.

नवी मुंबईतून, मैदानांवर गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरांबद्दल विचारणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे लिव्हर नसून स्विच असतो आणि पीटीओ विजेच्या क्लचने लागतो. स्विच ओढल्यावर ‘टक्’ आवाज आला नाही तर फ्यूज, मग सीटखालचा स्विच, मग क्लचच्या वायरचा कनेक्टर बघा. खाडीच्या हवेने कनेक्टर आणि अर्थिंग हिरवी पडतात. कनेक्टरपाशी बारा व्होल्ट येतात आणि क्लच ओढत नाही तर कॉइल मीटरने मोजा, साधारण दोन ते चार ओहम दाखवायला हवी. स्विच ओढताच इंजिन बंद पडत असेल तर बहुतेक वेळा सीटचा स्विच तुम्ही बसलात हे ओळखत नाहीये. तो जोडून टाकून कायमचा बायपास करू नका, तोच तुमचा जीव वाचवतो.

आणि दादा, ही लावणी उरकली की पुढच्या वर्षासाठी एवढं करा. काही ट्रॅक्टरांच्या क्लच हाउसिंगला खाली एक भोक आणि त्याचा प्लग असतो. चिखलात जाताना प्लग बसवायचा, काम संपलं की काढायचा, म्हणजे आत साचलेलं पाणी निथळतं. दिवाळीनंतर शेडमध्ये लावताना क्लच पेडल दाबून अडकवून ठेवा. काही गाड्यांना त्यासाठी हुक असतो, नसेल तर लाकडाचा ठोकळा. प्लेट मोकळी राहते, चिकटत नाही. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून क्लच चार-सहा वेळा दाबा, पीटीओ लावून काढा.

आज संध्याकाळी गाडी धुवा, प्ले मोजा, रिव्हर्सची चाचणी घ्या. उद्या सकाळी खडूच्या रेघा. मग मला एवढंच कळवा: प्ले किती मिलिमीटर निघाला, रिव्हर्स घरघरला की नाही, आणि पाती थांबली तेव्हा कोणती रेघ सरकली. गाडी मेकॅनिककडे न्यायची की घरीच काम होणार, ते मी त्यावरून सांगतो.